आपोआप म्हणजे काय? : स्पंदणाऱ्या जेलचा कार्यकारणभाव

विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना एक छोटी चित्रफीत दाखवली. काचेच्या बशीत स्वच्छ द्रावण होते आणि त्यात जेलीसारख्या पदार्थाची एक नारिंगी, चिंचोळी पट्टी पडलेली होती. पट्टीला तार जोडलेली नव्हती, बशीखाली चुंबक नव्हता, द्रावण कोणी ढवळत नव्हते. तरीही पट्टीच्या एका टोकाशी हिरवट छटा उमटे, ती हळूहळू दुसऱ्या टोकाकडे सरके, आणि ती जिथे पोहोचेल तिथे पट्टी किंचित फुगे. छटा पुढे गेली की तो भाग पुन्हा आकसे. एक लाट विरली की थोड्या वेळाने दुसरी. चित्रफितीचा वेग वाढवलेला आहे, प्रत्यक्षात या हालचालीला काही मिनिटे लागतात, हे सांगूनही मुलांचे कुतूहल ओसरले नाही. मग दोन प्रश्न आले. एकाने विचारले, “सर, याला हलवतंय कोण?” आणि मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “मग हे जिवंत आहे का?”

तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तरे अर्धवट राहिली. स्मरणिकेच्या निमित्ताने ती पूर्ण करावीत असे आम्हांस वाटले, कारण हे प्रश्न केवळ वर्गातल्या मुलांचे नाहीत. एखादी गोष्ट आपोआप घडताना दिसली की माणसाचे मन बहुधा दोन दिशांना धावते. यामागे कोणी तरी अदृश्य हलवणारा असला पाहिजे, ही एक दिशा. असे घडणे शक्यच नाही, पाहणाऱ्याची काही तरी चूक झाली असली पाहिजे, ही दुसरी. स्पंदणाऱ्या जेलच्या पूर्वेतिहासात या दुसऱ्या दिशेने गेलेल्या विद्वानांमुळे एका संशोधकाचे काम अनेक वर्षे अंधारात पडून राहिले. तिसरी दिशा आहे ती कारणे शोधण्याची. धम्माचा अभ्यास करणाऱ्या आपणा सर्वांना ती परिचित आहे. या लेखात आपण त्याच दिशेने जाणार आहोत.

जेल म्हणजे नेमके काय

‘जेल’ हा शब्द उच्चारताच वर्गात हसू उमटते, कारण मुलांना आधी तुरुंग आठवतो. ही तुलना अगदीच वावगी नाही. जेलमध्येही कैद असते, पण ती पाण्याची. सब्जाचे बी पाण्यात टाकले की थोड्याच वेळात प्रत्येक बियाभोवती पारदर्शक, बुळबुळीत वेष्टन तयार होते. बियाच्या सालीतील लांबलचक साखळ्यांसारखे रेणू पाणी शोषून घेतात आणि धरून ठेवतात. लहान घटक एकापुढे एक जोडून झालेल्या अशा लांब रेणूंना पॉलिमर, आपल्या भाषेत बहुवारिक, म्हणतात. या साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी गाठी मारून बांधल्या की कोळ्याच्या जाळ्यासारखी त्रिमित रचना तयार होते. जाळे विरघळत नाही आणि त्यात अडकलेले पाणी सहजासहजी सुटत नाही. हेच जेल.

जेल आपल्या घरात आणि शेतात पूर्वीच आलेले आहे. बाळाच्या डायपरमधील पांढरी पूड हे पाणी पिणारे पॉलिमरच असते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘पुसा हायड्रोजेल’ कोरडवाहू जमिनीत पिकाच्या मुळांशी ओल टिकवण्यासाठी वापरले जाते. पाऊस पडला की ते फुगते आणि माती सुकू लागली की धरलेले पाणी हळूहळू सोडते.

काही जेल याहून चतुर असतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत काम करणारे जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोयोइची तानाका यांनी १९७८ साली दाखवून दिले की, तापमानात किंवा भोवतालच्या द्रवात अगदी थोडा बदल झाला तरी काही जेलचे आकारमान एकाएकी शेकडो पटींनी बदलू शकते. असाच एक बहुचर्चित पॉलिमर सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या खाली पाण्याशी जवळीक करतो आणि त्याच्या वर पाण्याला दूर लोटतो. त्याचे जेल थंडाव्यात फुगते, उबेत आकसते. परिस्थितीला असा प्रतिसाद देणाऱ्या पदार्थांना ‘स्मार्ट’ पदार्थ म्हणण्याची रीत त्यानंतर रूढ झाली.

परंतु या चतुराईला एक मर्यादा होती. जेलला फुगवायचे तर कोणी तरी पाणी गार करावयाचे आणि आकसवायचे तर पुन्हा तापवावयाचे. ताल धरणारा बाहेरच राहिला. पाळणा हलतो तो दोरी ओढणाऱ्या हातामुळे. आपल्या छातीतील हृदयाचे तसे नाही. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ते आकुंचन पावते आणि त्या तालाचा उगम हृदयातच, त्याच्या उजव्या अलिंदातील पेशींच्या एका लहानशा पुंजक्यात असतो. शरीराबाहेर काढलेले बेडकाचे हृदय योग्य द्रावणात ठेवले तर काही काळ ठोके देत राहते. निर्जीव पदार्थात असा आतला ताल निर्माण करता येईल काय, हा खरा प्रश्न होता.

एकसारख्या आचेतून ताल

याचे उत्तर समजण्यासाठी क्षणभर स्वयंपाकघरात जाऊ. शेगडीवर प्रेशर कुकर ठेवला आहे. आच एकसारखी आहे, तिच्यात चढउतार नाही. तरीही शिट्टी ठरावीक अंतराने वाजते. वाफ साठत जाते, दाब वाढतो, एका मर्यादेनंतर शिट्टीचे वजन उचलले जाते. वाफ निसटते, दाब उतरतो, वजन खाली बसते आणि वाफ पुन्हा साठू लागते. कुकरच्या आत घड्याळ नाही, शिट्टी वाजवण्यासाठी कोणी उभे नाही, तरी घरातली माणसे शिट्ट्या मोजून भात शिजल्याचे ओळखतात.

या साध्या घटनेत तालाच्या सर्व अटी दिसतात. ऊर्जेचा सतत पुरवठा हवा. एक उंबरठा हवा, जो ओलांडेपर्यंत काही घडत नाही आणि ओलांडताच झपाट्याने घडते. घडलेल्या परिणामाने उलट फिरून स्वतःच्याच कारणाला आवर घातला पाहिजे. आणि हा आवर लगेच नव्हे, थोडा उशिराने बसला पाहिजे. आवर तत्काळ बसला असता तर कुकरमधून वाफेची बारीक धार अखंड निघत राहिली असती आणि शिट्टी वाजलीच नसती. ऊर्जा, उंबरठा, उलट परिणाम आणि विलंब हे चार प्रत्यय एकत्र आले की एकसारख्या पुरवठ्यातून ताल जन्म घेऊ शकतो. रसायनांतही असे घडू शकते, हे मात्र जगाला सहजासहजी पटले नाही.

बेलूसोव्ह यांची परीक्षानळी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात मॉस्कोमध्ये बोरिस बेलूसोव्ह हे रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. सजीव पेशी अन्नातून ऊर्जा मिळवताना ज्या सायट्रिक आम्ल चक्राचा उपयोग करतात, त्याची एक सोपी प्रतिकृती परीक्षानळीत उभी करावी असा त्यांचा प्रयत्न होता. त्यासाठी त्यांनी सायट्रिक आम्ल, ब्रोमेट, गंधकाम्ल आणि उत्प्रेरक म्हणून सीरियम या धातूचे आयन एकत्र केले. अपेक्षा अशी की द्रावणाचा पिवळा रंग हळूहळू जाईल आणि अभिक्रिया संपेल. पिवळा रंग गेला, पण तो परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला.

१९५१ साली त्यांनी हे निरीक्षण एका नियतकालिकाकडे पाठवले. असे घडणे अशक्य आहे, या कारणावरून लेख परत आला. बेलूसोव्ह यांनी आणखी काही वर्षे काम करून अधिक सविस्तर लेख तयार केला. तोही दुसऱ्या नियतकालिकाने स्वीकारला नाही. अखेर १९५९ साली किरणोत्सर्ग वैद्यकावरील एका फारशा कोणाच्या वाचनात नसलेल्या संग्रहात त्यांची संक्षिप्त टिपणी छापली गेली. त्या विषयावर त्यांनी स्वतः छापलेले जवळपास तेवढेच.

संपादकांचा आक्षेप काय होता, हे समजून घेतले पाहिजे, कारण तो निर्बुद्धपणाचा नव्हता. उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो की आपल्या आपण चालणारी अभिक्रिया समतोलाच्या दिशेनेच जाते. वरून खाली येणाऱ्या पाण्याने मध्येच उलट वर चढावे, तसे रंगाचे हे जाणे-येणे त्यांना वाटले. नियम खरा होता, आजही खरा आहे. चूक होती ती नियम लावण्यात. चावी दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे. त्याचा लंबक दोन्हीकडे जातो, परंतु आतली स्प्रिंग एकाच दिशेने उलगडत असते. बेलूसोव्ह यांच्या द्रावणातही इंधन सतत खर्चच होत होते. मागेपुढे होत होती ती केवळ मधल्या पायऱ्यांवरची काही द्रव्ये. द्रव्ये बाजारात मिळणारी होती, कृती सोपी होती. परीक्षानळी हाती घेऊन पाहिले असते तर तासाभरात शंका फिटली असती. पाहण्याआधीच ‘अशक्य’ हा शब्द लिहिला गेला.

सुदैवाने ती कृती मॉस्कोतील प्रयोगशाळांत हातोहात फिरत राहिली. १९६१ साली जीवभौतिकशास्त्रज्ञ सायमन श्नॉल यांनी आपले तरुण विद्यार्थी अनातोल झाबोतिन्स्की यांना या अभिक्रियेचा अभ्यास करण्यास सांगितले. झाबोतिन्स्की यांनी सायट्रिक आम्लाऐवजी मॅलोनिक आम्ल वापरून रंगबदल अधिक स्पष्ट केला आणि त्यामागील क्रम उलगडण्यास आरंभ केला. १९६८ साली प्राग येथील परिषदेनंतर ही अभिक्रिया पाश्चात्य देशांत पोहोचली आणि तिला बेलूसोव्ह-झाबोतिन्स्की अभिक्रिया हे नाव मिळाले. १९८० साली या कार्याबद्दल सोव्हिएत संघाचा लेनिन पुरस्कार दिला गेला, तेव्हा मानकऱ्यांत बेलूसोव्ह यांचेही नाव होते. परंतु ते स्वीकारण्यासाठी बेलूसोव्ह हयात नव्हते. १९७० सालीच त्यांचे निधन झाले होते.

रंगाचा लंबक कसा चालतो

ओरेगॉन विद्यापीठातील फील्ड, कॉरॉश आणि नॉयेस या तिघांनी १९७२ साली या अभिक्रियेची पायरीपायरीने मांडणी केली. अनेक उप-अभिक्रियांच्या या गुंत्यातील मुख्य सूत्र तीन टप्प्यांत सांगता येते.

पहिल्या टप्प्यात द्रावणात ब्रोमाइड आयन भरपूर असतात. ते पहारेकऱ्यासारखे वागतात. ब्रोमस आम्ल नावाचे एक द्रव्य द्रावणात थोडेथोडे तयार होत असते, त्याचा प्रत्येक रेणू ब्रोमाइड गिळून टाकते. मात्र या कामात पहारेकरीही खर्ची पडत जातात.

ब्रोमाइड एका उंबरठ्याखाली गेले की दुसरा टप्पा सुरू होतो. आता ब्रोमस आम्लाला अडवणारे कोणी नसते आणि त्याचा स्वभाव विरजणासारखा आहे. चमचाभर विरजण जसे दुधात आपल्यासारखेच आणखी विरजण तयार करते, तसे ब्रोमस आम्ल ब्रोमेटच्या साहाय्याने आपलीच संख्या वाढवत नेते. एकाचे दोन, दोनाचे चार. या झपाट्यात उत्प्रेरक धातूचे ऑक्सिडीकरण होते आणि पाहता पाहता रंग पालटतो.

तिसऱ्या टप्प्यात ऑक्सिडीकरण झालेला उत्प्रेरक मॅलोनिक आम्लापासून बनलेल्या ब्रोमिनयुक्त संयुगांशी अभिक्रिया करतो. त्यात उत्प्रेरकाचे क्षपण होऊन तो मूळ रंगावर येतो आणि ब्रोमाइड मोकळे होते. पहारेकरी परततात, ब्रोमस आम्लाची वाढ थांबते आणि चक्र पुन्हा पहिल्या टप्प्यावर येते.

कुकरमधील चारही प्रत्यय येथे आहेत. ऊर्जा ब्रोमेट आणि मॅलोनिक आम्ल यांची, उंबरठा ब्रोमाइडचा, उलट परिणाम उत्प्रेरकाचा आणि विलंब ब्रोमाइड पुन्हा संपण्याचा. द्रावण न ढवळता उथळ बशीत पसरून ठेवले तर आणखी एक गोष्ट दिसते. एका ठिकाणी उंबरठा ओलांडला गेला की तेथील ब्रोमस आम्ल शेजारच्या भागात झिरपते आणि तोही भाग पेटून उठतो. रंगांची वलये आणि मळसूत्री लाटा बशीभर पसरतात. झाइकिन आणि झाबोतिन्स्की यांनी १९७० साली अशा लाटांचे वर्णन केले. हृदयाच्या स्नायूंतून विद्युत्-लाट अशाच प्रकारे शेजारून शेजारी जाते आणि ती बिघडून मळसूत्री फिरू लागली की हृदयाचा ताल घातक रीतीने विसकटू शकतो. म्हणून बशीतील या लाटांचा अभ्यास हृदयविकाराच्या अभ्यासकांनीही आस्थेने केला आहे.

द्रावणातून जेलमध्ये

आता आपण चित्रफितीतील नारिंगी पट्टीकडे परत येऊ. १९९६ साली जपानमधील रियो योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर कल्पना प्रत्यक्षात आणली. उष्णतेला प्रतिसाद देणारे ज्याचे वर्णन वर आले आहे, तेच पॉलिमरचे जाळे त्यांनी घेतले आणि अभिक्रियेचा उत्प्रेरक, म्हणजे रुथेनियम धातूचे एक संयुग, त्या जाळ्याच्या साखळ्यांनाच कायमचे जोडून टाकले. हे जेल त्यांनी मॅलोनिक आम्ल, ब्रोमेट आणि नत्राम्ल असलेल्या द्रावणात ठेवले. द्रावणात स्वतंत्र उत्प्रेरक नव्हता. म्हणून बाहेर काहीच घडत नव्हते. द्रव्ये जेलमध्ये झिरपत आणि अभिक्रिया केवळ आत चाले.

रुथेनियमचे ऑक्सिडीकरण झाले की त्यावरील धनप्रभार दोनाचा तीन होतो. प्रभार वाढला की साखळ्यांची पाण्याशी जवळीक वाढते, पाणी आत येते, जेल फुगते आणि रंग नारिंगीचा हिरवट होतो. क्षपण झाले की प्रभार उतरतो, पाणी बाहेर पडते, जेल आकसते आणि नारिंगी रंग परततो. रसायनांचा ताल अशा रीतीने हालचालीचा ताल झाला. तापमान स्थिर, द्रावण स्थिर, बाहेरून कसलीही खूण नाही, आणि जेल स्पंदत आहे. योशिदा यांनी त्यास स्वयंदोलक जेल म्हटले आणि पुढे टोकियो विद्यापीठात हे काम वाढवत नेले.

त्यानंतर या पदार्थाला नाना रूपे मिळाली. २००७ साली शिंगो माएदा, योशिदा आणि शुजी हाशिमोतो यांनी चालणारे जेल सादर केले. पट्टीच्या एका बाजूची रचना दुसरीपेक्षा वेगळी ठेवल्यामुळे फुगताना आणि आकसताना ती वाकते आणि सरळ होते. करवतीच्या दात्यांसारख्या खाचा असलेल्या पृष्ठभागावर ठेवली की ती मागे घसरू शकत नाही आणि पानावरच्या अळीप्रमाणे पुढे सरकते. वेग अत्यंत मंद. एका मिनिटात एक मिलिमीटरही नाही. २०१२ साली याच जेलची नळी तयार करण्यात आली. तिच्या भिंतीतून सरकणारी लाट आपल्या आतड्याच्या हालचालीची आठवण करून देते. आतडे ज्या रीतीने अन्न पुढे ढकलते, त्या रीतीने द्रव पुढे नेणारा, मोटार नसलेला पंप करता येईल काय, हा त्यामागील विचार.

ताल धरण्याच्या आणखी रीती

स्पंदनासाठी बेलूसोव्ह यांचीच अभिक्रिया लागते असे नाही. हार्वर्ड विद्यापीठात जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने २०१२ साली सादर केलेली रचना त्या दृष्टीने बोधप्रद आहे. जेलच्या थरात केसांसारखी सूक्ष्म पाती उभी केलेली, त्यांच्या टोकांवर उत्प्रेरक लावलेला आणि वरच्या थरात अभिक्रियेची द्रव्ये. पाती ताठ उभी असली की टोके वरच्या थरात शिरतात, अभिक्रिया होऊन उष्णता निर्माण होते. उष्णतेने खालचे जेल आकसते आणि पाती वाकवून टोके वरच्या थरातून ओढून काढते. अभिक्रिया थांबते, जेल निवते, फुगते आणि पाती पुन्हा उभी राहतात. अशा रीतीने ही रचना आपले तापमान एका मर्यादेत स्वतःच राखते.

मिनेसोटा विद्यापीठात रोनाल्ड सीगल यांच्या गटाने ग्लुकोजवर चालणारी रचना तयार केली. जेलच्या पातळ पडद्यातून ग्लुकोज पलीकडे जाते, तेथे एन्झाइममुळे त्याचे आम्ल होते, आम्लाने पडदा आकसून ग्लुकोजची वाट बंद होते. आम्ल निघून गेले की वाट पुन्हा उघडते. आपल्या शरीरातील काही संप्रेरके अखंड धारेने नव्हे, तर ठरावीक अंतराने स्रवतात. औषधही तसेच टप्प्याटप्प्याने सोडता यावे, या हेतूने हे काम झाले.

आणखी एक वाट प्रकाशाची. नेदरलँड्समधील आयंडहोव्हन येथील संशोधकांनी २०१७ साली प्रकाशाने आकार बदलणारी पॉलिमरची पातळ फीत दोन्ही टोके बांधून ठेवली आणि तिच्यावर एकसारखा प्रकाश सोडला. उजेड पडलेला भाग वाकतो, वाकल्याने फितीच्या दुसऱ्या भागावर सावली पडते, सावलीतला भाग पूर्ववत होऊ लागतो. उजेड आणि सावलीच्या या देवघेवीतून फितीवरून लाट मागून लाट धावत राहते. प्रकाश स्थिर आहे, लुकलुकत नाही, तरी फीत हलते. येथेही तेच चार प्रत्यय.

थांबलेले स्पंदन

या सर्व प्रयोगांत आमच्या मनात घर करून राहिला तो एक लहान प्रयोग. पिट्सबर्ग विद्यापीठातील अ‍ॅना बालाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताच्या आधारे असे भाकीत केले होते की, जेलची हालचाल केवळ रसायनांची आज्ञाधारक नसते. हालचालीचा परिणाम रसायनांवरही होतो. म्हणजे शांत झालेले जेल दाबले तर त्यात स्पंदन पुन्हा सुरू होऊ शकेल. २०१२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील क्रिस्टिन व्हॅन व्लिएट यांच्या गटाने बालाझ यांच्यासह हे प्रत्यक्ष पडताळले. स्पंदन थांबलेल्या जेलवर त्यांनी दाब दिला आणि लाटा पुन्हा उमटू लागल्या. दाबामुळे जाळ्यातील उत्प्रेरक एकमेकांच्या जवळ आला आणि उंबरठा पुन्हा गाठला गेला.

बंद पडलेल्या हृदयाला छातीवर दाब देऊन चालना देण्याच्या प्रथमोपचाराशी या प्रयोगाची तुलना संशोधकांनीच केली. दोन्हींतील यंत्रणा वेगळ्या आहेत, हे विसरता कामा नये. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. रसायन वरिष्ठ आणि हालचाल त्याची चाकर, अशी उतरंड येथे नाही. रसायनामुळे हालचाल होते आणि हालचालीमुळे रसायन बदलते. दोन्ही एकमेकांवर टेकून उभी आहेत.

कुठवर पोहोचलो, काय अडते

अशा पदार्थांविषयी लिहिताना अतिशयोक्तीचा मोह होतो. तो आवरणे विज्ञानशिक्षक म्हणून आमचे कर्तव्य आहे. कृत्रिम हृदय या जेलपासून तयार झालेले नाही आणि नजीकच्या काळात होईल असेही नाही. पहिली अडचण वेगाची. जेलमध्ये पाणी झिरपण्यास लागणारा वेळ आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जेल दहापट लहान केले तर ते सुमारे शंभरपट लवकर फुगते. उलट मुठीएवढे केले तर त्याच्या एका ठोक्याला किती काळ लागेल, याची कल्पना करावी. म्हणून या जेलचे भवितव्य सूक्ष्म आकारांत आहे. चिपवरील बारीक वाहिन्यांत द्रव ढकलणारे पंप, कण पुढे सरकवणारे केसाळ पृष्ठभाग, स्पर्श होताच लाट उठवून खबर देणारी त्वचा अशा कामांत.

दुसरी अडचण आहाराची. ब्रोमेट आणि तीव्र आम्ल ही शरीरास अपायकारक द्रव्ये आहेत. आम्ल किंवा ऑक्सिडीकारक द्रव्य बाहेरून देण्याऐवजी पॉलिमरच्या साखळीतच गुंफण्याचे प्रयत्न योशिदा यांच्या गटाने केले आहेत, पण शरीरात सुखाने राहील असे जेल अजून दूर आहे. आणि तिसरी गोष्ट ही अडचण म्हणण्यापेक्षा नियम म्हणावा अशी. बंद बशीतील द्रव्ये संपली की स्पंदन मंदावते आणि थांबते. उष्मागतिकीचा जो नियम बेलूसोव्ह यांच्याविरुद्ध पुढे केला गेला, तो येथे आपले खरे काम करतो. घड्याळाची चावी संपते.

दोन प्रश्नांची उत्तरे

आता मुलांचे प्रश्न. “याला हलवतंय कोण?” कोणीही नाही. ‘कोण’ हा शब्दच येथे लागू पडत नाही. हलवणारा शोधू गेलो तर ब्रोमेट सापडते, मॅलोनिक आम्ल सापडते, रुथेनियम सापडते, पॉलिमरचे जाळे आणि पाणी सापडते. यांपैकी एकही एकटे स्पंदत नाही. ब्रोमेटच्या बाटलीत ताल नाही, कोरड्या जेलमध्ये ताल नाही. सर्व प्रत्यय ठरावीक प्रमाणात एकत्र आले की ताल उत्पन्न होतो आणि त्यांतील एक जरी निघून गेला तरी तो मावळतो. प्रत्येक गोष्ट इतर गोष्टींच्या आधाराने उत्पन्न होते, हे प्रतीत्यसमुत्पादाचे सूत्र आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तथागतांनी पॉलिमर आधीच सांगून ठेवले होते, असा दावा आम्ही मुळीच करणार नाही. तसा दावा करणे विज्ञानावर अन्याय आणि धम्मावरही. एवढेच म्हणू की ‘कोण’ ऐवजी ‘कोणत्या कारणांनी’ असे विचारण्याची जी सवय धम्म लावतो, तीच या जेलपर्यंत पोहोचवते.

“मग हे जिवंत आहे का?” नाही. ते वाढत नाही, स्वतःची दुरुस्ती करीत नाही, आपल्यासारखे दुसरे निर्माण करीत नाही. आहार शोधण्यासाठी ते हलत नाही. परंतु मुलीचा प्रश्न चुकीचा नव्हता. सजीवांची खूण म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, ती आतून उमटणारी लय निर्जीव द्रव्यांतूनही उत्पन्न होऊ शकते, हे या जेलने दाखवले. लय दिसली की आत कोणी तरी बसला आहे, हे अनुमान त्यामुळे टिकत नाही. उद्या कोणी असा तुकडा ताटात ठेवून चमत्कार म्हणून गावात फिरवला, तर आपल्या शाळेतून गेलेल्या मुलाने हात जोडण्याआधी विचारावे की द्रावणात काय घातले आहे आणि ते बदलले तर काय होईल.

आणि याच्या उलटही तितकेच खरे. कालामांना केलेल्या उपदेशात परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावरच काही स्वीकारू नये असे सांगितले आहे. त्याच अधिकारावर काही नाकारूही नये, हे बेलूसोव्ह यांच्या कथेतून शिकावयाचे. त्यांचा लेख परत पाठवणारे अंधश्रद्ध नव्हते, ते सुशिक्षित होते. त्यांनी पाठ्यपुस्तकातील खऱ्या नियमाचा आधार घेतला, पण परीक्षानळीकडे पाहिले नाही. ज्या समाजाला शतकानुशतके ‘तुम्हांला हे जमणार नाही’ असे न पाहताच सांगण्यात आले, त्या समाजातील आपण सर्वांनी तरी हा शब्द जपून वापरावयास हवा. घरी एखादे मूल येऊन म्हणेल की मी अमुक घडताना पाहिले. पालकांना, माजी विद्यार्थ्यांना आणि आम्हां शिक्षकांनाही आमची विनंती अशी की, ‘असं होत नसतं’ हे वाक्य त्या वेळी ओठांवर आले तरी आवरावे आणि म्हणावे, ‘चल, दाखव.’

त्या मुलीला आम्ही हे उत्तर वर्गात पुन्हा देणार आहोत. तिचा पुढचा प्रश्न काय असेल, याची आम्हांला उत्सुकता आहे.